फुंकून ठसका थांबतो का?

आलेलं पत्र, थोडं कापून:

"आम्ही सांगोल्याजवळ राहतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, 63 वर्षांचे आहेत, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. त्यांना जिभेच्या मुळाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन नव्हतं, 33 शेक (रेडिएशन) दिले आणि सोबत दर आठवड्याला केमो. ते संपून सव्वा वर्ष झालं. गाठ गेली असं डॉक्टर म्हणाले. पण पाणी, चहा, आमटी घेताना ठसका लागतो, आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत तो वाढलाय. जानेवारीत न्यूमोनिया होऊन पाच दिवस ॲडमिट होते. मावसभावाने मोबाईलवर एक फुंकायचं यंत्र दाखवलं, त्याने गिळणं सुधारतं म्हणे. घरात श्वासाचं, तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं यंत्र पडून आहे, ते चालेल का? शेजारचे काका कपालभाती करा म्हणतात. आप्पा म्हणतात, 'मला दम लागत नाही, गिळता येत नाही. फुंकून काय होणार?' त्यांना बीपीची गोळी चालू आहे आणि चार वर्षांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालंय. यंत्र मागवू का?"

ताई,

मागवू नका. म्हणजे लगेच मागवू नका. का ते सांगते, पण आधी आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो प्रश्न अगदी नेमका आहे. गिळण्याच्या दुखण्यावर फुंकण्याचा व्यायाम, हे ऐकायला पायाला लागलं म्हणून डोक्याला पट्टी बांधल्यासारखंच वाटतं. वीस वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून हे काम करतेय, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते.

आप्पांना समोर बसवा. गळ्यावर कंठमणी असतो, त्यावर एक बोट हलकं ठेवायला सांगा आणि आवंढा गिळायला सांगा. पाणी नको, नुसती लाळ. बोटाखाली कंठमणी वर सरकेल आणि परत खाली येईल. तो वर असतो तेवढा वेळ, साधारण सेकंदभर, श्वास थांबलेला असतो. हवेची वाट आणि अन्नाची वाट घशात एकाच चौकातून जाते, त्यामुळे घास जाताना हवेची गाडी सिग्नलला थांबवावी लागते. घास गेला की बहुतेक माणसं थोडा श्वास बाहेर सोडतात. आत घेत नाहीत. हा बाहेरचा श्वास चौक झाडून काढतो, मागे राहिलेला थेंब असला तर वर ढकलतो. ड्रायव्हर माणसाला हे दोन मिनिटांत कळेल.

शेकांनंतर या चौकात तीन गोष्टी बिघडतात. स्नायू आणि त्यांच्या भोवतीचा भाग हळूहळू कडक होतो. आप्पांच्या मानेवर हात फिरवून बघा, हनुवटीखालची कातडी जुन्या चामड्यासारखी लागते का. त्यामुळे कंठमणी पूर्ण वर जात नाही, श्वासनलिकेवरचं झाकण नीट बसत नाही. लाळ कमी झाल्याने घास घशात चिकटून राहतो आणि गिळून झाल्यावर मागाहून सरकतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे घशाची जाणीव बोथट होते. पाणी श्वासनलिकेत गेलं तरी ठसका येतच नाही, किंवा उशिरा येतो, पिचका येतो. म्हणून "आता ठसका कमी झालाय" असं कुणी आनंदाने सांगितलं की मला आनंद होत नाही, आधी मी ताप येतो का ते विचारते.

आता फुंकरीकडे येऊ. ठसका म्हणजे शरीराने आत शिरलेली वस्तू बाहेर फेकणं. त्यासाठी आधी श्वास भरावा लागतो, मग स्वरयंत्र घट्ट मिटावं लागतं, आणि मग पोटाच्या आणि बरगड्यांच्या स्नायूंनी छातीचा भाता जोरात दाबावा लागतो. उपचारात दहा-बारा किलो वजन उतरलेल्या माणसाचा भाता ढिला पडलेला असतो. त्याला दम लागत नाही हे खरं. दम लागणं म्हणजे आत घेण्याची तक्रार, आणि इथे उणीव आहे ती बाहेर फेकण्याच्या जोराची. म्हणून आप्पांचं वाक्य खरं असूनही फुंकण्याचा व्यायाम त्यांच्या कामाचा असू शकतो.

दुसरंही एक कारण आहे. हनुवटीच्या खाली, हाडाच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवा आणि अरुंद नळीतून जोराने फुंकल्यासारखं करा. तिथला मऊ भाग टणक होतो ना? गिळताना कंठमणी वर आणि पुढे ओढणारे स्नायू हेच. फुंकताना त्यांनाही राबावं लागतं.

हे झालं तत्त्व. पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने मी थांबले: "गेल्या दोन-तीन महिन्यांत वाढलाय." सव्वा वर्षानंतर वाढणारा ठसका व्यायामाने दाबायचा नसतो, आधी शोधायचा असतो. कॅन्सर परत आलेला नाही ना, हे पहिलं. अन्ननलिकेचं तोंड शेकांनी आवळलं नाही ना, हे दुसरं. ते आवळलं असेल तर घास अडकल्यासारखा वाटतो आणि दुर्बिणीतून ते रुंद करता येतं, तिथे कितीही फुंकलं तरी उपयोग नाही. नुसत्या कडकपणानेही वाढतो, तेच बहुतेकदा निघतं, पण ते तपासल्यावर म्हणायचं. आप्पांची पुढची तारीख दोन महिन्यांवर असली तरी थांबू नका, न्यूमोनियाचे कागद घेऊन ज्यांनी शेक दिले त्यांच्याकडेच आधी जा. जाताय तर थायरॉइडची रक्ततपासणी कधी झाली तेही विचारा. मानेला शेक दिल्यावर थायरॉइड मंदावणं नेहमीचं आहे, आणि त्याचा थकवा सगळा "कॅन्सरमुळे" म्हणून खपून जातो.

तिथेच गिळण्याची तपासणी मागून घ्या. दोन प्रकार आहेत. एकात नाकातून बारीक कॅमेरा घशाच्या वर नेतात आणि रंगीत पाणी, मऊ घास गिळायला देऊन बघतात. दुसऱ्यात एक्स-रेत दिसणारं बेरियम मिसळलेलं खाणं देऊन एक्स-रेचा व्हिडिओ काढतात. पाणी नेमकं गिळण्याआधी आत जातं, गिळताना जातं की मागे राहिलेलं नंतर घरंगळतं, हे बाहेरून कुणालाही कळत नाही. मलाही नाही. आणि उपाय त्यावरच ठरतो. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांच्या डिस्चार्ज कार्डावर सहा महिन्यांच्या उपचारानंतर गिळण्याबद्दल दोनच शब्द होते: "सॉफ्ट डाएट". मऊ भात नेमका घशात साठून राहत होता आणि पातळ वरण बिनधोक जात होतं. घरचे इमानेइतबारे उलटं खायला घालत होते.

तपासणी आणि व्यायाम या दोन्हींसाठी स्पीच थेरपिस्ट लागतो. नाव बोलण्याचं असलं तरी गिळणं हेही आमचंच काम. परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या मोठ्या कॅन्सर केंद्रात ही सोय असते. सोलापूर-पुण्याकडे शोधताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, आणि कॅन्सरच्या रुग्णांचं गिळणं पाहता का, हे दोन प्रश्न फोनवरच विचारा. दुसऱ्याला "हो" जरा अडखळत आलं तर दुसरीकडे फोन लावा.

आता यंत्रांचं. तीन गोळ्यांचं यंत्र हवा आत ओढायचं आहे. 600, 900, 1200 असे जे आकडे त्यावर असतात ते सेकंदाला किती मिलिलिटर हवा ओढली त्याचे. ऑपरेशननंतर फुप्फुसं उघडावीत म्हणून ते देतात, कोविडमध्ये घरोघरी आलं. उलटं धरून फुंकलं तरी ते हवेचा वेगच दाखवतं, अडवत काहीच नाही. चुलीपुढची फुंकणी आठवा. जोरात फुंकलं तरी पलीकडे वाट मोकळीच. भावाने दाखवलेल्या यंत्रात पलीकडे स्प्रिंगची झडप असते. ठरलेल्या दाबाएवढं फुंकल्याशिवाय ती उघडतच नाही, आणि स्प्रिंग पिळून तो दाब वाढवता येतो. सगळी गंमत या "ठरलेल्या" शब्दात आहे. दंड कमवायला कुणी रोज थोडी थोडी जड वजनं उचलतो, तसं.

दाब मोजतात सेंटीमीटर पाण्यात. एकक विचित्र वाटेल, पण घरात करून बघण्याजोगं आहे. ग्लासात दहा सेंटीमीटर पाणी भरा, नळी तळाला टेकवा आणि बुडबुडे काढा. तुम्ही 10 चा दाब दिलात. धडधाकट पुरुषाचा जोर 100 च्या पुढे सहज जातो. व्यायामाचा भार असतो स्वतःच्या कमाल जोराच्या सुमारे 75 टक्के. म्हणजे आप्पांचा कमाल जोर समजा 80 निघाला, तर झडप 60 वर लावायची. नळीने तेवढं साधायचं तर 60 सेंटीमीटर खोल पाणी हवं, म्हणजे अंगणातलं पिंप, आणि त्यात तोंड घालून उभे आप्पा. म्हणून ग्लास-नळीचा खेळ पुरत नाही. फुगेही नकोत. फुगा सुरुवातीला फार अडतो, मग एकदम सैल पडतो, आणि बरेच जण तो पोटाने न फुगवता गालांनीच फुगवतात. कपालभातीबद्दल काकांशी भांडू नका. पोटाचे झटके त्यात आहेत, पण समोर भार नाही. आणि बीपी-हर्नियाच्या माणसाने तेही विचारल्याशिवाय करायचं नाही.

ही यंत्रं दोन मापांत येतात, एक 30 ते 150 पर्यंतचं आणि अशक्त रुग्णांसाठी 75 पर्यंतचं हलकं. मावसभावाने दाखवलेलं कुठलं, ते पत्रात नाही. आप्पांचा जोर 40 असेल आणि घरी मोठं आलं तर ते खालच्या टोकालाच अडकतील. चुकीचं माप आलं की महागडं यंत्र कपाटात जातं. म्हणून आधी जोर मोजायचा, मग यंत्र. थेरपिस्टकडे दाब मोजायचं साधन असतं, दोन मिनिटांचं काम आहे.

फायदा किती? भावाने दाखवलेल्या व्हिडिओइतका नाही. या व्यायामाचा चांगला पुरावा पार्किन्सनच्या रुग्णांत आहे. 2010 साली 60 रुग्णांवर झालेल्या चाचणीत अर्ध्यांना खरं यंत्र आणि अर्ध्यांना भार नसलेलं लुटुपुटीचं यंत्र दिलं होतं, आणि चार आठवड्यांनी खऱ्या यंत्रवाल्यांचं गिळणं जास्त सुरक्षित झालं. शेक घेतलेल्या घशाचा अनुभव ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरने 2018 साली मांडला. श्वासनलिकेत पाणी जाणाऱ्या रुग्णांपैकी 26 जणांना आठ आठवड्यांचा व्यायाम दिला. श्वास बाहेर सोडायचा जोर सरासरी 57 टक्क्यांनी वाढला, पाणी श्वासनलिकेत जाणं कमी झालं. पण घशात घास साठून राहणं होतं तसंच राहिलं. शिवाय तुलनेला दुसरा गट नव्हता. माझ्या रुग्णांतही मला हेच दिसतं. ठसका दमदार होतो, न्यूमोनियाच्या फेऱ्या कमी होतात, पण भाकरी चुरल्याशिवाय खाता येईल असं वचन मी देत नाही. तशी अपेक्षा धरून बसलात तर तिसऱ्या आठवड्यात आप्पा यंत्र भिरकावून देतील आणि त्यांचं काही चुकणार नाही.

हर्निया आणि बीपी. जोरात फुंकताना पोटातला दाब वाढतो, डोक्याकडचाही वाढतो. चार वर्षांपूर्वीचं हर्नियाचं ऑपरेशन म्हणजे कायमची मनाई असं नाही, पण परवानगी सर्जनने द्यायची, मी नाही, भावाने तर नाहीच. खोकताना तिथे फुगवटा येतो का, जाळी बसवलीय का, हे सांगा. बीपी गोळीने ताब्यात आहे का, ते आठवडाभर लिहून ठेवा. गोळी चालू आहे आणि बीपी ताब्यात आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन, कानाचा फुटलेला पडदा, फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असणं, नुकताच पक्षाघात, यांतही हा व्यायाम टाळतात. गळ्याला श्वासाचं छिद्र असलेल्यांनी हे यंत्र तोंडाने वापरायचा विचार आपल्या मनाने करायचा नाही, हवा तोंडापर्यंत येतच नसेल.

परवानगी मिळाली तर दिनक्रम असा. पाच वेळा फुंकायचं, मिनिटभर थांबायचं, असे पाच फेरे, म्हणजे दिवसाला 25. आठवड्यातले पाच दिवस, पाच ते आठ आठवडे. दर आठवड्याला थेरपिस्ट स्प्रिंग थोडी पिळतो. वेळ वीस मिनिटं. जेवणावर लगेच करू नका. खुर्चीत ताठ बसायचं, नाकाला चिमटा, छाती भरून श्वास, यंत्राचं तोंड दातांच्या मागे आणि ओठ घट्ट, दोन्ही हातांनी गाल दाबून धरायचे आणि एकदाच जोरात फुंकायचं. झडप उघडली की फस्स आवाज येतो. आला की संपलं, लांबवत बसायचं नाही. चक्कर आली तर त्या दिवशीपुरतं बंद.

गाल धरण्याबद्दल पुन्हा सांगते, कारण चूक तिथेच होते. एक आजोबा दोन आठवडे मला रोज 25 झाल्याचं सांगत होते, वहीत बरोबरच्या खुणासुद्धा केलेल्या. समोर करायला लावलं तर गाल बेडकासारखे फुगले, उरलेली हवा नाकातून गेली आणि झडप एकदाही उघडली नाही. चिमटा रुततो म्हणून त्यांनी तो खिशातच ठेवला होता. पहिल्याच दिवशी मी नीट पाहिलं नव्हतं, तेव्हा चूक माझी. आता मी पहिले पंचवीसच्या पंचवीस स्वतः ऐकते. तुम्हीही कान आवाजाकडे ठेवा, वहीकडे नको. यंत्र आप्पांचं एकट्याचं, रोज साबणाच्या पाण्याने धुवायचं, नातवाने बासरी म्हणून वाजवलं की संपलं.

आणि हे एकटं कधीच द्यायचं नसतं. जोर लावून गिळणं, जीभ दातात धरून गिळणं, हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल धरून त्यावर दाबणं, जबडा उघडण्याचे व्यायाम, यातलं कुठलं आप्पांना हवं ते तपासणी सांगेल. श्वास धरून गिळणं आणि गिळल्यावर मुद्दाम खोकणं ही फार उपयोगी युक्ती आहे, पण हृदयाच्या रुग्णाला ती चालेलच असं नाही, म्हणून लिहून देत नाही. समोर बसून शिकायची आहे.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत घरात काय करायचं ते मात्र लिहिते. जेवताना टीव्ही बंद, बोलणं बंद, पाठ ताठ, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दात किंवा कवळी, जीभ, टाळू दिवसातून तीनदा साफ, कारण पाण्याच्या थेंबापेक्षा त्याबरोबर छातीत उतरणारे तोंडातले जंतू न्यूमोनिया करतात. दात हलत असला तरी शेक दिलेल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नका, शेक घेतलेल्या जबड्याचं हाड भरून येईलच असं नाही. वजन दर सोमवारी एकाच काट्यावर. पाणी घट्ट करायची पावडर कुणी सुचवली तर आत्ता नको. घशात साठणाऱ्याला घट्ट जास्त त्रास देतं, आणि आप्पा कुठल्या प्रकारात मोडतात ते अजून आपल्याला ठाऊक नाही. ताप, पिवळा बेडका, जेवल्यावर आवाज पाण्यातून आल्यासारखा ओला होणं, धाप, यांतलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता दवाखाना.

राहिला चहा. पत्रात नाही, पण मी पैज लावते की आप्पा चहा बशीत ओतून फुरका मारत पितात. आयुष्यभर स्टँडच्या कँटीनवर पाच मिनिटांत चहा संपवलेला माणूस दुसरं काय करणार! पण फुरका म्हणजे चहाबरोबर श्वास आत ओढणं. चौकात पाणी असताना नेमकी आतली गाडी सोडणं. बशी काही दिवस फडताळात ठेवा. चहा कोमट होऊ द्या, चमच्याने एकेक घोट, हनुवटी जरा खाली, गिळून झालं की हलकेच श्वास बाहेर, मग दुसरा चमचा. आप्पा कुरकुरतील. फुंकणं कशासाठी असं त्यांनीच विचारलं होतं ना, तर त्यांना सांगा, पहिली फुंकर ही, गिळल्यानंतरची. हिला यंत्र लागत नाही.

सर्जन काय म्हणाले आणि तपासणीत काय निघालं ते कळवा. रिपोर्टचा फोटो पाठवलात तर आप्पांचं नाव झाकून पाठवा.